जालन्याचा दात आणि जिनिव्हाचा ठराव



सकाळी उठून तुम्ही दात कशाने घासता? जालना जिल्ह्यातील एखाद्या गावात हा प्रश्न घरोघर विचारला, तर उत्तरे निरनिराळी येतील. कुणाकडे ब्रश आणि पेस्ट असेल. कुणी कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावत असेल. एखाद्या घरी अजून राखुंडी असेल, तर एखाद्या घरी चुलीजवळच्या कोनाड्यात मिश्रीची डबी सापडेल. दात ज्याचे त्याने घासायचे आणि दुखले तर ज्याचे त्याने सोसायचे, असेच आपण मानतो. दाढेखाली लवंग दाबून रात्र काढणाऱ्या माणसाला सरकार, कायदा किंवा परदेश यांची आठवण होण्याचे कारण नसते.

आता ही गोष्ट पाहा. जालन्यापासून सुमारे सात हजार किलोमीटर दूर, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात जागतिक आरोग्य संघटनेचे मुख्य कार्यालय आहे. या संघटनेच्या सदस्य राष्ट्रांची आरोग्य सभा दरवर्षी भरते. मे २०२१ मध्ये या सभेने तोंडाच्या आरोग्याविषयी एक ठराव संमत केला. दात बिघडल्यावर उपचार करीत बसण्यापेक्षा ते बिघडूच नयेत यावर भर द्यावा, आणि हे काम कुटुंबात, शाळेत व कामाच्या ठिकाणी व्हावे, असे त्यात म्हटले आहे.

मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या मुलाच्या दाढेशी जिनिव्हाच्या ठरावाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. जगाने केलेले नियम आपल्या गावापर्यंत येतात हे तर खरेच. पण त्यांतील काही नियमांचा पाया आपल्याच महाराष्ट्रातील खेडुतांची तोंडे तपासून घातला गेला आहे. ही हकीकत समजून घेण्यासाठी आधी दाताकडेच वळू.

दगडासारखा, तरी विरघळणारा

दाताच्या बाहेरच्या आवरणाला दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते, आणि ते प्रामुख्याने कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मापश्रेणीवर दंतवल्काचा क्रमांक ५ च्या आसपास येतो. म्हणजे साधारण लोखंडी खिळ्याइतका. मात्र त्याच्यात एक उणीव आहे. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. एकदा पडलेले भोक आपोआप बुजत नाही.

इतक्या कठीण पदार्थाला भोक पडते कसे? दाताला ‘कीड लागली’ असे आपण म्हणतो खरे, पण तिथे अळी वगैरे काही नसते. तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेवर ते गुजराण करतात आणि त्यांच्यापासून आम्ल तयार होते. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये ही उपपत्ती मांडली. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर लाळ ७ च्या आसपास असते. पीएच ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. ७ आणि ५.५ यांत फरक फक्त दीडाचा दिसतो, पण हे माप लघुगणकाचे असल्यामुळे आम्लता प्रत्यक्षात तीसपटींहून अधिक वाढलेली असते.

साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आम्लता वाढते आणि लाळेने ती पुन्हा पूर्ववत व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. त्या काळात विरघळलेले थोडे खनिज लाळ पुन्हा दाताला परत देते. आता साधा हिशेब करा. दिवसातून दोनदा गोड चहा घेणाऱ्याचे दात तासभर आम्लात राहतात. सहा वेळा गोड चहा, बिस्किट, गोळ्या असे काहीतरी खाणाऱ्याचे दात तीन तास आम्लात राहतात. म्हणून साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे असते.

इथेच दाताचा प्रश्न घराबाहेर पडतो. गावातील दुकानात गोळ्या-बिस्किटांचे पुडे लवकर पोचतात. दाताचा डॉक्टर मात्र तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतो. साखर स्वस्त, उपचार महाग आणि दूर, ही स्थिती कुणा एका मुलाने निर्माण केलेली नाही. ती एकट्याने बदलताही येत नाही.

आधी मोजमाप, मग करार

आम्ही भौतिकशास्त्र शिकवणारी माणसे मोजमापावर फार विसंबतो. १८७५ साली १७ राष्ट्रांनी पॅरिसमध्ये मीटरचा करार केला, तेव्हाच ‘तुमचा गज मोठा की आमचा’ हा वाद मिटण्याची वाट मोकळी झाली. दातांचेही तसेच आहे. अमुक देशात दात फार किडतात असे म्हणून भागत नाही; किती, हे सर्वांना मान्य होईल अशा मापाने सांगावे लागते.

हे माप अमेरिकेत १९३८ मध्ये प्रचारात आले. ते इतके सोपे आहे की तुम्हीही वापरू शकाल. तोंडातील किडलेले दात, किडीमुळे काढावे लागलेले दात आणि भरलेले दात यांची बेरीज करायची. एका मुलाचे दोन दात किडलेले, एक काढलेला आणि एक भरलेला असेल, तर त्याचा अंक ४. पुष्कळ मुलांच्या अंकांची सरासरी काढली की तो त्या गावाचा किंवा देशाचा अंक झाला.

हे माप बारा वर्षांच्या मुलांवर घ्यायचे असे ठरले. या वयात अक्कलदाढा सोडल्या तर बहुतेक कायमचे दात आलेले असतात, आणि मुले शाळेत एका जागी सापडतात. तपासणी कशी करावी याचे पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने १९७१ मध्ये काढले. हिरड्या तपासण्याच्या सळईच्या टोकाला अर्धा मिलिमीटर व्यासाची गोळी असावी, इतका बारकावा पुढे ठरवला गेला. त्यामुळे जालन्यातील तपासणी आणि डेन्मार्कमधील तपासणी एकमेकींशी ताडून पाहता येते.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि दंतवैद्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून एक उद्दिष्ट ठेवले: सन २००० पर्यंत बारा वर्षांच्या मुलांचा सरासरी अंक ३ पेक्षा जास्त नसावा. बहुतेक देशांनी ते गाठले. श्रीमंत देशांत पूर्वी हा अंक मोठा होता. फ्लोराइड असलेल्या पेस्टचा वापर वाढला तसा तो खाली आला. आपल्या देशात २००२-०३ मध्ये राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. सरासरी अंक लहान, पण किडलेले दात न भरता तसेच राहिलेले, हे आपल्याकडचे चित्र आहे.

कोलोरॅडोचे डाग आणि टँकरचे पाणी

फ्लोराइडचा उल्लेख वर आलाच आहे. त्याचा शोध मोठा मजेदार आहे. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेला. तिथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग त्याला दिसले. पुढे त्याच्या ध्यानात आले की हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत. कारण पाण्यात असावे असा त्याचा तर्क होता. पण पाण्यात काय, हे समजायला तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या एका कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी अशा पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण फार असल्याचे दाखवून दिले.

यानंतर ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात आणि पाणी तपासून प्रमाण काढले. एक लिटर पाण्यात सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात कमी किडतात आणि डागही फारसे पडत नाहीत. प्रमाण बरेच वाढले तर दातांवर डाग पडतात. त्याहून वाढले आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधेही ताठरतात. या विकाराला फ्लुओरोसिस म्हणतात. एकच पदार्थ थोडा असला तर रक्षक आणि जास्त झाला तर भक्षक!

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. आपले मानक अधिक कडक ठेवणे योग्यच आहे. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर गेला की जालन्याचा माणूस थंड देशातील माणसापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो, म्हणजे त्याच पाण्यातून अधिक फ्लोराइड त्याच्या पोटात जाते.

हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, याची कल्पना करून पाहा. उन्हाळ्यात वस्तीवर पाणी घेऊन येणारा १२,००० लिटरचा टँकर तुम्ही पाहिला असेल. त्या सबंध टँकरमध्ये १८ ग्रॅम फ्लोराइड असले की १.५ ची मर्यादा गाठली गेली. रंगाने, वासाने किंवा चवीने ते कळणार नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. महाराष्ट्रात नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत जास्त फ्लोराइडचा त्रास आहे. खडकाशी पाण्याचा सहवास जितका लांबतो तितके त्यातील क्षार वाढण्याचा संभव असतो. म्हणून खोल बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक गावाने, मग ते कोणत्याही जिल्ह्यातील असो, पाणी तपासून घेतले पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते.

एक लाख एक हजार सातशे एकसष्ट तोंडे

आता मिश्रीच्या डबीकडे येऊ. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने ती लावायला सुरुवात होते. हिरडीच्या पातळ कातडीतून निकोटिन रक्तात जाते आणि थोड्याच दिवसांत सवय जडते. मग सकाळी एकदा लावायची ती दिवसातून चार वेळा लावली जाते. बिडी ओढणाऱ्या बाईला गावात नावे ठेवतील, पण मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी काही म्हणत नाही. कारण ती दात घासते आहे, व्यसन करीत नाही, अशी समजूत असते.

ही समजूत तपासून पाहण्याचे काम कुणी केले असेल? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने! होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था तुम्हाला अणुविज्ञान आणि विश्वकिरण यांसाठी ठाऊक असेल. त्याच संस्थेत दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. तेथील डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी कोपनहेगनच्या दंतवैद्यक महाविद्यालयातील प्राध्यापक जे. जे. पिंडबोर्ग यांच्या साहाय्याने खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन तोंडे तपासण्याचे काम हाती घेतले. खर्चाचा भार अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी उचलला. अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याची किंमत भारताने रुपयांत चुकती केली होती, त्याच रुपयांतून हा पैसा आला. भारतीय खेडूत, डॅनिश प्राध्यापक आणि अमेरिकन गव्हाचे रुपये असा हा त्रिवेणी संगम होता.

या पथकाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकाच्या गालाची आतली बाजू, जीभ, टाळू आणि हिरड्या पाहायच्या, पांढरे चट्टे किंवा व्रण आहेत का याची नोंद करायची, तंबाखू कोणत्या रूपात व किती वर्षे वापरली हे विचारायचे, असे हे चिकाटीचे काम होते. अशाच पाहण्या केरळ, आंध्र, गुजरात आणि बिहारमध्येही झाल्या. त्यांतून दिसून आले की तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी उमटणारे चट्टे हे बहुतांशी तंबाखू वापरणाऱ्यांच्याच तोंडात आढळतात. तंबाखू ओढली नाही, नुसती चघळली किंवा लावली, तरी तोंड सुटत नाही.

यापुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा होता. तंबाखूचे जुने व्यसन नुसत्या सांगण्याने सुटते का? एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांना या प्रयोगात घेतले. दरवर्षी त्यांची तोंडे तपासायची आणि त्या वेळी प्रत्येकाशी समोरासमोर बोलायचे. जोडीला चित्रफिती, भित्तिपत्रके आणि आकाशवाणी यांचा वापर करायचा. तुलनेसाठी त्याच जिल्ह्यांतील आधी तपासलेल्या गटाची आकडेवारी हाताशी होती. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तंबाखू सोडणारे आणि कमी करणारे लोक वाढले होते, आणि एर्नाकुलममध्ये नव्याने होणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण बरेच घटले होते. यात औषध नव्हते, शस्त्रक्रिया नव्हती. तोंड उघडून पाहणे आणि समजावून सांगणे, एवढ्यावर हे साधले!

केरळातच तिरुवनंतपुरम येथे १९९६ मध्ये आणखी एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यात फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा सहभाग होता. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी बॅटरीच्या उजेडात तोंडे तपासली. या प्रयोगाच्या क्षेत्रात सुमारे १ लाख ९० हजार लोक होते. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, असे २००५ मध्ये जाहीर झाले.

कागदावरचा नियम गावात येतो

असा पुरावा हाती आला की कायद्याला धार येते. १९९२ मध्ये भारत सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. मे २००३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा चौकट करार स्वीकारला. संघटनेच्या पुढाकाराने झालेला सार्वजनिक आरोग्याचा हा पहिलाच जागतिक करार. भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला मान्यता दिली आणि फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला. आज १८० हून अधिक राष्ट्रे त्यात आहेत.

राष्ट्रांनी एकत्र येण्याची गरज का पडली? एका देशाने जाहिराती बंद केल्या तरी शेजारच्या देशातून त्या दिसत राहतात. एका राज्याने विक्री बंद केली तरी दुसऱ्या राज्यातील कारखान्यातून माल चोरवाटेने येतो. तोंडाच्या अस्तराला मात्र सीमा कळत नाहीत. म्हणूनच चोरट्या व्यापाराविरुद्ध २०१२ मध्ये वेगळा पूरक करार करावा लागला.

आपल्या देशात २००३ मध्येच तंबाखूविषयक कायदा झाला होता. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती कुणालाही विकता येत नाही, हे त्यातलेच. पुड्यांवरील चित्रमय इशारे २००९ पासून आले आणि २०१६ पासून त्यांनी पुड्याचा ८५ टक्के भाग व्यापला.

गुटख्याची कथा वळणावळणाची आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये त्यावर बंदी घातली. राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही, या मुद्द्यावर २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २०११ मध्ये अन्नसुरक्षेचा नियम झाला की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाला यांवर पुन्हा बंदी घातली. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ती कर्करोगकारक असल्याचे लियाँच्या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल ताठर होतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. पंचविशीतल्या तरुणाला भाकरीचा घास घेता येऊ नये, यासारखे दुसरे दुःख नाही.

या साऱ्याचा उपयोग झाला का? अनेक देशांत एकाच पद्धतीने होणाऱ्या तंबाखूविषयक पाहणीत २००९-१० साली महाराष्ट्रातील ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले होते; २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्क्यांवर आले. उतार आहे, पण मंद आहे. त्याच दुसऱ्या पाहणीत धूर न होणारी तंबाखू, म्हणजे खाण्याची, चघळण्याची किंवा लावण्याची, वापरणारे जवळजवळ चारात एक होते. गुटखा चोरून विकला जातो. आणि घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला तर कोणताच कायदा हात लावू शकत नाही. तिथे ना कारखाना, ना पुडा, ना त्यावर छापायला इशारा.

विजेशिवाय दात भरणे

किडलेल्या दातांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. दवाखान्यातील कोरण्याचे यंत्र विजेवर चालते. वीज नसेल तिथे? १९८० च्या दशकाच्या मध्यास आफ्रिकेतील टांझानियात डच दंतवैद्य जो फ्रेंकेन यांनी यावर तोड काढली. किडलेला मऊ भाग हातातल्या लहान हत्याराने खरवडून काढायचा आणि खळगा ‘ग्लास आयोनोमर’ नावाच्या सिमेंटने भरायचा. काचेची विशिष्ट भुकटी आणि आम्ल यांच्या संयोगातून बनणारे हे सिमेंट दाताला चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराइड बाहेर पडत राहते. ही पद्धत थायलंड आणि झिंबाब्वेमध्ये पारखली गेली आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी संघटनेने तिचा पुरस्कार केला. मुलाला शाळेच्या बाकावर निजवूनही दात भरता येतो!

पूर्वी दात भरायला चांदीसारखे दिसणारे मिश्रण सर्रास वापरत. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याच्या विषाने जपानमधील मिनामाता गावात हाहाकार झाला, आणि त्याच गावाच्या नावाचा करार राष्ट्रांनी २०१३ मध्ये केला. दातांतील पाऱ्याचा वापर कमी करीत नेण्याचे त्यात ठरले. भारतही २०१८ पासून या करारात आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा समावेश केला. पेस्ट ही चैनीची वस्तू नसून औषधाच्या पंक्तीतील गरज आहे, असाच त्याचा अर्थ.

ठरावाचा शेवटचा दुवा

नोव्हेंबर २०२२ मध्ये संघटनेने जगाचा हिशेब मांडला. सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही विकार आहे आणि त्यांतील चारांपैकी तिघे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. २०२३ ते २०३० या वर्षांसाठी जो कृती आराखडा केला आहे, त्यात २०३० पर्यंत जगातील ८० टक्के लोकांना तोंडाच्या आरोग्याच्या मूलभूत सेवांचा हक्क मिळावा, असे लक्ष्य आहे.

लक्ष्य मोठे आहे. पण जिनिव्हात हात वर केल्याने परतूरमधील एकही दात वाचत नाही. ठराव तिथून दिल्लीला येतो, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जालन्याला, आणि तिथून तुमच्या शाळेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा मुलांचे दातही तपासते. त्या दिवशी गैरहजर राहू नका. दात तपासून ‘किडला आहे’ अशी चिठ्ठी मिळाली, तर ती दप्तरात ठेवू नका. घरी दाखवा आणि दवाखान्यात जा. शिक्षकांनीही त्या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, याची महिन्याने विचारपूस करावी.

आणि मिश्रीच्या डबीचे काय? तिथे कायदा पोचत नाही हे आपण पाहिले. पण ३६,००० लोकांवरील प्रयोगाने काय दाखवले ते आठवा. समोर बसून, पुन्हा पुन्हा, आपुलकीने सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम होतो. आईला किंवा आजीला रागावून डबी फेकून देण्याने काही साधणार नाही. ‘आजी, जरा उजेडात ये, तोंड बघू दे,’ एवढे तर तुम्ही म्हणू शकता. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवायचा. हे काम जिनिव्हाचा कोणताही प्रतिनिधी तुमच्या घरी येऊन करू शकणार नाही.

करून पाहा

१. अंड्याच्या टरफलाचा तुकडा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवा. बुडबुडे येतात आणि दुसऱ्या दिवशी टरफल मऊ झालेले दिसते. टरफल कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणून बुडबुडे येतात. दंतवल्क फॉस्फेटचे असल्याने ते सावकाश आणि बुडबुड्यांवाचून विरघळते, पण विरघळते.

२. घरातील पेस्टच्या नळीवर फ्लोराइडचे प्रमाण छापले आहे का पाहा. आपल्या देशात ते दशलक्ष भागांत १,००० भागांहून अधिक असू नये, असा नियम आहे. रात्री झोपताना ब्रश करण्याची सवय लावा, कारण झोपेत लाळ कमी सुटते. लहान भावंडांना पेस्ट गिळू देऊ नका.

३. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मोजपट्टी किंवा खुणा केलेली दोरी घेऊन शिक्षकांसमवेत शाळेच्या हद्दीपासून हे अंतर मोजा आणि परिसराचा नकाशा काढा. त्या अंतरात तंबाखूची विक्री होत असेल तर नकाशावर खूण करून तो मुख्याध्यापकांकडे द्या. दुकानदाराशी वाद घालू नका. तुमचे काम अचूक मोजण्याचे आहे.

४. हाताची मधली तीन बोटे एकावर एक येतील अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. बहुतेकांची ती सहज जातात. पूर्वी जात होती आणि आता जात नाहीत, असे घरातील सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्या कुणाच्या बाबतीत आढळले, तर त्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या.